मद्रासच्या पाण्यावरचे तांडेल

चेन्नईच्या पश्चिम भागातील अण्णा नगर ही वसाहत 1968 साली तेथे भरलेल्या जागतिक व्यापार प्रदर्शनानंतर गृहनिर्माण मंडळाने आखून वसवली आणि रुंद रस्ते, सरळ रेषेतले भूखंड व उद्यानातील उंच मनोरा यांमुळे ती आजही शहरातील नियोजनबद्ध वस्तीचा नमुना मानली जाते. मात्र तिच्या दक्षिणेकडून जाणारी कूवम नदी आणि वस्तीला लागून वाहणारा ओट्टेरी नाला हे दोन प्रवाह त्या नियोजनापेक्षा फार जुने आहेत. ओट्टेरी नाला पुढे बेसिन ब्रिजपाशी बकिंगहॅम कालव्याला मिळतो, कूवम चेपॉकजवळून समुद्राकडे जाते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी तिलाही हाच कालवा छेदतो. अण्णा नगरचे पावसाचे पाणी शेवटी ज्या जलमार्गांत उतरते, त्यांवर दीडशेहून अधिक वर्षे मीठ, जळाऊ लाकूड, भात आणि उतारू वाहणाऱ्या नौका चालत होत्या, ही गोष्ट आजचा काळा, साचलेला प्रवाह पाहणाऱ्याला सहज पटणार नाही. या नौका चालवणारे लोक कोण होते, त्यांचा धंदा कसा उभा राहिला आणि कसा बुडाला, हे समजून घेतल्याशिवाय त्या पाण्याची आजची अवस्थाही नीट समजत नाही.

मद्रासच्या नाविकांचा इतिहास नदीपासून सुरू होत नाही, तो समुद्राच्या फुटणाऱ्या लाटांपासून सुरू होतो. 1639 साली फ्रान्सिस डे याने ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीसाठी ही जागा निवडली तेव्हा येथे बंदर नव्हते, खाडी नव्हती आणि जहाजाला आडोसा देणारे एखादे बेटही नव्हते. मुंबईला निसर्गाने खोल पाण्याचे, तिन्ही बाजूंनी सुरक्षित बंदर दिले होते. मद्रासला मात्र सरळसोट वाळूचा किनारा आणि त्यावर बारा महिने आदळणाऱ्या लाटांच्या रांगा एवढेच मिळाले. त्यामुळे जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राहत आणि तेथून प्रवासी, टपाल, घोडे, दारूगोळा, कापडाचे गठ्ठे असे सारे काही किनाऱ्यावर आणण्याचे काम स्थानिक कोळी समाजातील नावाड्यांना करावे लागे. या कामासाठी जी होडी वापरली जाई तिला मसुला म्हणत, आणि तिच्या बांधणीत या किनाऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान साठलेले होते.

मसुला होडीत एकही खिळा नसे. फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत आणि शिवणीच्या फटीत काथ्या किंवा गवत ठासून भरलेले असे. होडीला आतून आधार देणाऱ्या आडव्या वाकड्या लाकडांना कोकणात वाक म्हणतात. मसुल्याच्या सांगाड्यात असे वाकही नसत. खिळे मारून घट्ट बांधलेली युरोपीय होडी लाटेबरोबर वाळूवर आपटली की तिचे तुकडे होत, तर शिवलेली मसुला त्या आघाताने लवे, पिळवटे आणि पुन्हा मूळ आकारात येई. ती गळत असे, म्हणून पाणी उपसण्यासाठी एक माणूस सतत कामाला लागे. वल्ही म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बांधलेली लाकडी पाटी एवढीच असत. मागे उभा असलेला तांडेल एका लांब वल्ह्याने दिशा सांभाळी आणि त्याच्या हाकेच्या तालावर आठ-दहा किंवा त्याहून अधिक वल्हेकरी कधी थांबत, कधी सारा जोर लावत. लाटांच्या रांगा पार करताना मोठी लाट मागून कधी येते, तिच्या पाठीवर होडी नेमकी कधी चढवायची आणि ती किनाऱ्याला टेकताच पुढची लाट येण्यापूर्वी माणसे कशी उतरवायची, हा निर्णय क्षणात घ्यावा लागे आणि तो तांडेलच घेई. बहुतेक वेळा प्रवाशांना खांद्यावरून किंवा खुर्चीत बसवून कोरड्या वाळूवर नेत. होडी उलटलीच तर बुडणाऱ्याला उचलण्यासाठी कट्टुमरम, म्हणजे तीन-चार ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा, घेऊन कोळी जवळपास फिरत राहत.

या नावाड्यांवर कंपनीचा सारा व्यापार अवलंबून असल्यामुळे त्यांना मोकळे सोडणे तिला परवडणारे नव्हते. बंदरावरील मास्टर अटेंडंट नावाचा अधिकारी होड्यांवर देखरेख ठेवी, भाड्याचे दर ठरवी आणि समुद्र खवळल्यावर ध्वजस्तंभावर खुणेचा बावटा चढवून किनारा व जहाजे यांच्यातील ये-जा थांबवी. मद्रासला आलेल्या युरोपीय प्रवाशांच्या लेखनात या नावाड्यांबद्दल तक्रारीचा सूर वारंवार आढळतो: ते अर्ध्या वाटेत बक्षिसी मागतात, ओरडतात, भीती घालतात. हे लेखन वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दर कंपनीने ठरवलेले, धोका नावाड्यांचा, आणि लिहिणारा नेहमी होडीतला प्रवासी, वल्हे मारणारा कधीच नाही. ज्यांच्या हातावर अडीचशे वर्षे एक राजधानी तग धरून राहिली, त्यांच्यापैकी क्वचितच कोणाचे नाव इतिहासात उरले आहे.

1861 साली समुद्रात सुमारे 1,100 फूट लांब लोखंडी धक्का उभारण्यात आला आणि मसुल्याचे महत्त्व प्रथमच कमी झाले. पुढे 1875 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कृत्रिम बंदराची पायाभरणी झाली. नोव्हेंबर 1881 च्या चक्रीवादळाने जवळजवळ पूर्ण झालेले बांधकाम उद्ध्वस्त केले, तरी ते पुन्हा उभारले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कारकिर्दीत बंदराचे तोंड बदलून ते खऱ्या अर्थाने वापरायोग्य झाले. जहाजे थेट धक्क्याला लागू लागल्यावर मसुल्यातून उतारू नेण्याचा धंदा संपला. परंतु बंदराच्या भिंतींचा परिणाम एवढ्यावरच थांबला नाही. या किनाऱ्यावर वाळू वर्षातील बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. भिंतींनी ती अडवल्यामुळे दक्षिणेला मरीना किनारा रुंदावत गेला, उत्तरेला रोयापुरमकडील किनारा खचू लागला आणि मध्ये असलेल्या कूवमच्या मुखाशी वाळूचा बांध साचू लागला. मुख बुजले की भरतीचे पाणी नदीत शिरत नाही आणि ओहोटीबरोबर नदीतील घाण बाहेर पडत नाही. समुद्रातील नावाड्यांचा व्यवसाय ज्या बांधकामाने संपवला, त्याच बांधकामाने नदीतील नावाड्यांच्या व्यवसायाचीही वाट अडवायला सुरुवात केली. शहराच्या इतिहासात हा दुवा पुरेसा अधोरेखित झालेला नाही.

नदीपार करून देणाऱ्या नावेला मराठीत तर म्हणतात आणि ती चालवण्याचा हक्क लिलावाने घेणाऱ्याला तरीचा मक्तेदार. मद्रासमध्ये अशा तरींचे आयुष्य पुलांनी लवकर संपवले. अडयार नदीवर सैदापेठ येथे कोजा पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने 1726 साली स्वतःच्या पैशाने पूल बांधला आणि त्याच्या देखभालीसाठी निधीही ठेवला. एकोणिसाव्या शतकात कूवम व अडयार यांच्या मुखांकडील भागातही पूल झाले. सरकारी कायद्यात मात्र तर आणि कालवा यांना एकत्र बांधण्यात आले: मुंबई इलाख्यात 1868 साली तरी व अंतर्गत नौका यांचा कायदा झाला, तर मद्रास इलाख्यात 1890 च्या कालवे व सार्वजनिक तरी कायद्याने नौकांची नोंदणी, परवाना, पथकर आणि मक्ते यांची व्यवस्था लावून दिली. तमिळनाडूत पुढे दीर्घकाळ याच कायद्याचा आधार राहिला.

मद्रासच्या नौकावाल्यांचे खरे राज्य कालव्यावर होते. बेसिल कॉक्रेन या कंत्राटदाराच्या पुढाकाराने 1806 च्या सुमारास मद्रासपासून उत्तरेला एन्नूरपर्यंत सुमारे 11 मैलांचा कालवा तयार झाला. समुद्रालगतच्या खाऱ्या खाड्या आणि तळी एकमेकांना जोडून नौकांसाठी शांत पाण्याचा मार्ग काढायचा आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून पथकर घ्यायचा, अशी ती खासगी योजना होती. 1837 साली सरकारने कालवा ताब्यात घेतला आणि तो उत्तरेला नेल्लोरच्या दिशेने व दक्षिणेला मरक्काणमच्या दिशेने वाढवत नेला. शहराच्या पोटातला, कूवम आणि अडयार या नद्यांना जोडणारा सुमारे 8 किलोमीटरचा तुकडा मात्र राहून गेला होता. तो 1877-78 मध्ये खोदला गेला. 1876 ते 1878 च्या ज्या दुष्काळाने दख्खनही होरपळून निघाला, त्याच दुष्काळात मद्रास इलाख्यात लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि जगलेल्यांना कोरड्या भाकरीपुरती मजुरी देऊन हे खोदकाम करून घेण्यात आले. महाराष्ट्रातील खेड्यांत ज्यांना अजून ‘दुष्काळी कामे’ म्हणतात, त्यांतलेच हे एक काम. कालव्याला नाव मिळाले ते तेव्हाचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे.

पूर्ण झालेला हा जलमार्ग आंध्रातील पेद्दगंजामपासून तमिळनाडूतील मरक्काणमपर्यंत सुमारे 420 किलोमीटर लांबीचा होता आणि उत्तरेकडे तो कृष्णेच्या खोऱ्यातील कालव्यांना मिळत असल्यामुळे मद्रासहून निघालेली नौका बाहेरच्या समुद्रात पाऊल न टाकता काकिनाड्यापर्यंत जाऊ शके. तो समुद्राला समांतर, अनेक ठिकाणी अगदी जवळून जातो, म्हणून त्यात भरती-ओहोटीचे पाणी येते. जेथे तो नद्या ओलांडतो तेथे पाण्याची पातळी सांभाळण्यासाठी जलकपाटे बसवलेली होती. जलकपाट म्हणजे कालव्यात एकामागे एक बांधलेले दोन दरवाजे: नौका त्यांच्या मध्ये आली की मागचा दरवाजा बंद करून आतील पाण्याची पातळी पुढच्या पाण्याएवढी करायची आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. अशा प्रत्येक ठिकाणी नौकांची रांग लागे, परवाना पाहिला जाई, पथकर भरला जाई, आणि भरतीची वाट पाहत थांबलेल्या तांडेलांचा स्वयंपाकही तेथेच शिजे.

नौका रुंद, सपाट तळाच्या आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या असत. वारा अनुकूल असला तर शीड, नसला तर लांब काठी आणि तीही पुरेशी नसली तर माणसाचा खांदा, असा त्यांचा हिशेब होता. काठावरून पायवाट गेलेली असे. डोलकाठीला बांधलेला दोर खांद्यावर घेऊन एक-दोन माणसे वाकून चालत आणि मालाने भरलेली नौका मैलोन्‌मैल ओढत. नौकेचा मालक बहुधा शहरातला व्यापारी असे. तांडेल आणि ओढणारे हे मजूर. 1934 साली तमिळ कवी भारतीदासन यांनी मित्रांसह याच कालव्यातून मद्रासहून महाबलिपुरमला नौकेने प्रवास केला आणि त्यावर ‘मावलिपुरच् चेलवु’ ही कविता लिहिली. सहलीच्या आनंदाने सुरू होणारी ही कविता नौका ओढणाऱ्या माणसांच्या कष्टांकडे वळते. मद्रासच्या साहित्यात नावाड्याकडे त्याच्या बाजूने पाहणारे असे लेखन विरळ आहे, आणि म्हणूनच या कवितेचे मोल इतिहासकारालाही वाटावे.

कालव्यातून येणाऱ्या मालात मीठ आणि सरपण यांचा मोठा वाटा होता. एन्नूर, कोवळम, केळंबाक्कम या भागांतील मिठागरांचे मीठ नौकांनीच शहरात येई. किनाऱ्यावर लावलेल्या सुरूच्या बागांचे लाकूड आणि श्रीहरिकोटा बेटावरील जंगलातील सरपण बेसिन ब्रिजच्या परिसरातील वखारींत उतरे आणि तेथून घरोघरच्या चुलींपर्यंत पोहोचे. ज्या श्रीहरिकोट्यावरून आज उपग्रह सोडले जातात, त्याची मद्रासशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती ती अशी, लाकडाच्या मोळ्यांची. नेल्लोरचा तांदूळ, चुन्यासाठी लागणारे शिंपले, मासळी आणि भाजी हेही याच मार्गाने येत. त्या काळातील मद्रासची चूल कालव्यावर चालत होती असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

माल वाहणाऱ्या या व्यवसायाच्या आधारानेच सहलीची नौका उभी राहिली. महाबलिपुरमला जाणारा चांगला रस्ता नव्हता त्या काळात युरोपीय अधिकारी आणि शहरातील सुखवस्तू कुटुंबे अडयारच्या बाजूने संध्याकाळी नौकेत बसत, रात्र पाण्यावर काढत आणि सकाळी शिल्पांच्या गावाजवळ उतरत. त्यासाठी बैठक आणि छप्पर असलेल्या नौका भाड्याने मिळत. दुसरीकडे, केवळ हौसेसाठी वल्हवण्याची प्रथा गोऱ्या समाजात रुजली. मद्रास बोट क्लब 1867 साली स्थापन झाला आणि पुढे अडयार नदीकाठी स्थिरावला. पुण्यात मुळा-मुठेवर जो कॅनॉट बोट क्लब निघाला, तो याच सुमाराचा, 1868 चा. मद्रासचा क्लब दीर्घकाळ हिंदी माणसाला बंदच होता. मसुला आणि कालव्याच्या नौका यांच्याशी या क्लबांचा संबंध पाण्यापुरताच होता, तरीही नदी स्वच्छ राहावी असे वाटणारा एक वजनदार गट त्यांच्यामुळे काठावर टिकून राहिला आणि अडयारचा तो पट्टा कूवमइतका लवकर बिघडला नाही, असे मानायला जागा आहे.

कालव्यावरील धंदा एका घावाने मेला नाही. एकोणिसावे शतक संपता संपता मद्रास-बेजवाडा रेल्वेमार्ग कालव्याला समांतर सुरू झाला आणि घाईचा माल तिकडे वळला. स्वातंत्र्यानंतर लॉरी आली, सरपणाची जागा रॉकेल आणि गॅसने घेतली. 1965-66 आणि 1976 च्या चक्रीवादळांनी काठ व जलकपाटे मोडली, गाळ भरला, आणि जो मार्ग वर्षाला पुरेसा पथकर देत नाही त्याची दुरुस्ती कोणी मनावर घेतली नाही. नौका थांबल्या तशी पायवाटेवर वस्ती आली. शहराचे सांडपाणी आधीपासून कालव्यात येत होतेच. आता त्याला हरकत घेणारा कोणी उरला नाही. जलकपाटाचा रखवालदार, पथकराचा कारकून, तांडेल, वखारवाला या साखळीतील प्रत्येकाचे पोट पाणी वाहते राहण्यावर अवलंबून होते. ती साखळी तुटली आणि कालव्याचे गटार झाले. या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण घाणीमुळे नौका गेल्या असे सरसकट सांगितले जाते, पण बकिंगहॅम कालव्यावर बहुतांशी नौका आधी गेल्या आणि घाण नंतर बेसुमार वाढली.

कूवमवर उलट प्रयोग करून पाहण्यात आला. 1967 साली सत्तेवर आलेल्या द्रमुक सरकारने नदी सुधारण्याची योजना हाती घेतली, काठ बांधले, धक्के उभारले आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी सहलीच्या नौका सुरू केल्या. नौका आल्या, पण सांडपाणी वळवले गेले नव्हते आणि मुखाशी वाळू साचतच होती. उतारू दुर्गंधीला कंटाळले आणि थोड्याच काळात फेऱ्या बंद पडल्या. त्यानंतर कालव्याच्या नशिबी आणखी मोठा आघात आला: शहरांतर्गत उन्नत रेल्वेचे खांब थेट त्याच्या पात्रात उभे राहिले, 1995 साली बीच स्थानकापासून चेपॉकपर्यंत आणि 1997 साली मैलापूरपर्यंत गाड्या धावू लागल्या, आणि स्थानकेच कालव्यावर बसल्यामुळे शहराच्या मध्यातून नौका जाण्याची शक्यताच मिटली. 2008 साली काकिनाडा ते पुदुच्चेरी हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 4 चा भाग म्हणून जाहीर झाला. पण शहरातील खांब त्या घोषणेने हलणार नव्हते.

आज चेन्नईकराला नौकेत बसायचे असेल तर शहराबाहेर मुट्टुकाडूच्या खाडीवर जावे लागते, जेथे राज्य पर्यटन महामंडळाने 1984 पासून नौकागृह चालवले आहे, किंवा अण्णा नगरहून फार दूर नसलेल्या चेटपेट तलावावर, जेथे 2016 पासून मत्स्यव्यवसाय विभागाचे उद्यान आणि नौकाविहार आहे. येथे नौका चालवणाऱ्याचे काम बदलले आहे: माल पोहोचवण्याऐवजी उतारूला घटकाभर फिरवून सुखरूप परत आणणे. हे काम सोपे नाही. 25 डिसेंबर 2011 रोजी शहराच्या उत्तरेला पुलिकत सरोवरात सहलीला निघालेली नौका उलटून 22 जण बुडाले; मे 2023 मध्ये केरळात तानूर येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली सहलीची नौका उलटून पुन्हा 22 जीव गेले. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली, तेव्हा जीवरक्षक जाकिटांचा प्रश्न मराठी वाचकांच्याही दारात आला. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2021 चा अंतर्देशीय नौका कायदा आला असून त्यात नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता यांची तरतूद आहे. कायदा पुरेसा आहे; धक्क्यावर माणसे मोजणारा माणूस हवा.

गोव्यात मांडवी, झुवारी आणि त्यांच्या फाट्यांवर नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी आजही रोजच्या प्रवासाचा भाग आहेत आणि पायी प्रवाशाला त्या फुकट नेतात; दाभोळ-धोपावेसारख्या खाड्यांवर गाड्या वाहून नेणाऱ्या नौकांनी कोकणचा वळसा वाचवला आहे. या ठिकाणी पाणी जिवंत राहण्याचे एक कारण हेही आहे की सकाळी कामावर जाणारा माणूस त्या पाण्यावरून जातो आणि बोट बंद पडली तर त्याच दिवशी ओरड करतो. चेन्नईत ही ओरड करणारा प्रवासी तीन पिढ्यांपूर्वी पाण्यावरून उतरला.

डिसेंबर 2015 च्या महापुरात अडयार आणि कूवम काठ सोडून वस्त्यांत शिरल्या तेव्हा किनाऱ्यावरील कोळ्यांनी आपल्या फायबरच्या होड्या ट्रकवर घालून शहरात आणल्या आणि घरांच्या गच्च्यांवर अडकलेल्या हजारो लोकांना बाहेर काढले. 2023 च्या मिचाँग चक्रीवादळात हेच पुन्हा घडले. त्याआधी 2004 च्या सुनामीत आंध्र व उत्तर तमिळनाडूच्या लांबलचक पट्ट्यात बकिंगहॅम कालव्यानेच आत घुसणारे पाणी झेलून मागच्या गावांचे नुकसान कमी केले होते. म्हणजे ज्या नावाड्यांना आणि ज्या कालव्याला शहराने निरुपयोगी ठरवले, त्यांनीच संकटात त्याला सावरले. कूवमच्या पुनरुज्जीवनाच्या ज्या योजना आज आखल्या जात आहेत, त्यांत सांडपाणी वळवणे आणि मुख मोकळे ठेवणे यांना पहिले स्थान द्यावे, सहलीच्या नौकांचे उद्घाटन त्यानंतर करावे, आणि नौका सुरू होतील तेव्हा त्यांचे परवाने आणि मक्ते रोयापुरम, एन्नूर, कोवळम येथील कोळी सहकारी संस्थांना प्राधान्याने मिळावेत. या पाण्यावरचा सर्वांत जुना हक्क त्यांचा आहे.